अंडररायटिंगमध्ये करिअर करायचं का? आधी फाइल बघा

विमा कंपनीतली नोकरी म्हटलं की एजंट डोळ्यांसमोर येतो, फार तर क्लेमचा सर्व्हेयर. ही जोखीम घ्यायची का, किती हप्त्याला आणि कोणत्या अटींवर, हे ठरवणारा अंडररायटर सहसा कोणाला दिसत नाही. म्हणून या नोकरीचा विचार करणाऱ्याने पगाराच्या आधी टेबलावर येणारी फाइल बघावी.

समजा, ३५ वर्षांचा माणूस आहे. वर्षाचं उत्पन्न ६ लाख आणि टर्म विमा मागतोय ३ कोटींचा, म्हणजे उत्पन्नाच्या ५० पट. या वयाला कंपन्या साधारण वीस-पंचवीस पटींच्या आसपास थांबतात. घरातलं बुडणारं उत्पन्न भरून निघावं, पण माणूस गेल्याने कोणाचा फायदा होऊ नये, हे त्यामागचं तत्त्व. त्यामुळे आधी आयकराची विवरणपत्रं बघायची, मग तब्येत.

फॉर्मवर तंबाखूपुढे 'नाही' लिहिलंय आणि लघवीच्या तपासणीत कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात बनणारा घटक, सापडलंय. आपल्याकडे ते सिगारेटचंच असेल असं नाही. मिशरी लावणाऱ्याला किंवा मावा खाणाऱ्याला तो प्रश्न आपल्यासाठी नाही असं खरोखर वाटतं. ही लपवाछपवी की गैरसमज? उपाशीपोटीची साखर ९८, म्हणजे ठीक, पण एचबीएवनसी (सरासरी साखरेची तपासणी) ७.२, म्हणजे मधुमेहाच्या पातळीचं. पहिला आकडा एका सकाळचा, दुसरा मागच्या दोन-तीन महिन्यांचा. आता जादा हप्ता लावायचा, मुदत कमी करायची, सहा महिन्यांनी या म्हणायचं की नाकारायचं? जे ठरेल त्याचं कारण फाइलमध्ये लिहावं लागतं. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार ३ वर्षांनंतर आयुर्विम्याच्या पॉलिसीला कोणत्याही कारणाने आव्हान देता येत नाही. घाईत झालेली सही मग कायमची.

मालमत्तेच्या विम्यात डोकं वेगळं चालवावं लागतं, आणि माझ्या मते शिकायला तेच जास्त समृद्ध आहे. भिवंडीतलं कापडाचं गोदाम घ्या. माल किती उंच रचलाय, वायरिंग कधीचं आहे, शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग चालतं का, अग्निशमनाच्या टाकीत पाणी खरंच असतं का, हे सगळं विचारायचं. पण सगळ्यात जास्त घात होतो तो विमा रकमेत. दिवाळीआधी माल १० कोटींचा झाला, विमा ६ कोटींचाच राहिला आणि २ कोटींचा माल जळला, तर ॲव्हरेजच्या अटीने, म्हणजे विमा जितका कमी त्याच प्रमाणात भरपाईही कमी या नियमाने, १ कोटी २० लाखच मिळतात. लहान उद्योगांसाठीच्या भारत लघु उद्यम सुरक्षा या आगीच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतचा कमी विमा माफ असतो. इथे तो ४० टक्के आहे. हंगामात साठा कितीपर्यंत जातो, हा एक प्रश्न पॉलिसी देतानाच विचारला असता तर व्यापारी वाचला असता.

सरळसोट प्रस्ताव आता संगणकच मंजूर करतो. तरुण, निरोगी, कमी रकमेची फाइल माणसापर्यंत येतच नाही. त्यामुळे नुसते फॉर्म तपासण्याच्या कामाला भवितव्य कमी. खासगी गाड्यांच्या विम्याचं टेबलही मी सुरुवातीला टाळायला सांगेन. थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं, तिथे निर्णयाला वावच नाही. अभियंत्यांनी आग, इंजिनीअरिंग, मरीन (जहाजं आणि मालवाहतूक) या विम्यांकडे जावं. नर्सिंग, फार्मसी, जीवशास्त्रवाल्यांनी आयुर्विमा-आरोग्याकडे.

तयारीसाठी मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या परीक्षा आहेत: लायसेन्शिएट, असोसिएट, फेलो. पूर्णवेळ शिकायचं तर पुण्यात बालेवाडीला नॅशनल इन्शुरन्स ॲकॅडमी आहे. पण फी भरण्याआधी कोणत्याही कंपनीच्या संकेतस्थळावरून आगीच्या पॉलिसीचा मूळ मसुदा उतरवून घ्या. काय वगळलंय आणि ते का वगळलं असेल, हे कागदावर लिहून काढा. दोन तासांत जीव उबगला, तर ही नोकरी रोज तशीच जाईल.

मुलाखतीत तीन गोष्टी विचाराच. दिवसाला किती फाइली? सही करण्याची मर्यादा किती रकमेपर्यंत आणि ती कशी वाढते? या कामात बढती मुळात याच मर्यादेवरून मोजली जाते. आणि अंडररायटिंगचा प्रमुख कोणाला उत्तर देतो? तो विक्रीप्रमुखाच्या हाताखाली असेल, तर मार्चअखेरीस तुमच्या 'नाही'चं काय होणार ते तिथेच कळतं.