दीड अंड्याचा पेला

काल अंडं उकडायच्या आधी एक उद्योग केला. ग्लास पाण्याने काठोकाठ भरला, खाली ताटली ठेवली, अंडं अलगद आत सोडलं आणि सांडलेलं पाणी खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजलं. पंधरा मिलीची तीन टोपणं भरली, वर थोडं उरलं.

हे सगळं 'लोग' या मापापायी. जुन्या हिब्रू मापांत बारा लोगांचा एक हिन आणि सहा हिनांचा एक बथ. पण एक लोग म्हणजे किती? परंपरा सांगते, सहा अंड्यांएवढा. लोगाचा चौथा हिस्सा 'रेविईत'. आपल्या पावशेरासारखंच, पाव हिस्स्यावरून पडलेलं नाव. म्हणजे दीड अंडं. किद्दुशच्या, म्हणजे शब्बाथला आणि सणाला ज्यू घरांत पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेच्या, पेल्यात निदान एवढा द्राक्षरस मावायला हवा.

पण तोच पेला अंगठ्याच्या रुंदीवरूनही मोजता येतो. अठराव्या शतकात प्रागचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, येहेझ्केल लांडाउ यांनी दोन्ही हिशोब ताडून पाहिले, तर अंगठ्याचं माप अंड्याच्या जवळजवळ दुप्पट! एकतर अंगठे वाढले, नाहीतर अंडी आटली. माणसाच्या पिढ्या उतरत्याच असतात, तेव्हा अंगठा वाढणं शक्य नाही, असं ठरवून त्यांनी दोष अंड्याला दिला. कोंबडीला कुणी विचारलं नाही.

वाद अजून मिटलेला नाही. गेल्या शतकात जेरुसलेमच्या रब्बी हाइम नाएंनी रेविईत ८६ मिलीची धरली, 'हझोन इश' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रब्बींनी १५०ची. हिब्रूत अक्षरांना आकड्यांची किंमत असते. 'कोस' म्हणजे पेला, त्याची बेरीज ८६. 'कोस हागून' म्हणजे साजेसा पेला, त्याची १५०. घ्या, दोघेही बरोबर!

आम्ही कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली'. आमच्याकडे किद्दुशला मनुका भिजवून केलेलं सरबत असतं. आजीचा चांदीचा पेला फडताळातून काढून त्याच टोपणाने मोजला. सहा टोपणं आणि वर दोन थेंब. नाएंकडे पास, हझोन इशकडे नापास.

आजीला मिली ठाऊक नव्हते. ती पेला इतका काठोकाठ भरायची की आजोबांनी उचलला की सरबत बोटांवरून ओघळायचं. म्हणून खाली ताटली असायचीच. सांडलेलं आम्हा पोरांचं.