प्रतिध्वनीवरून मासळीची मोजदाद : रत्नागिरीच्या समुद्रातील माझा अनुभव

समुद्रात मासळी किती शिल्लक आहे, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुतेक वेळा बंदरावर उतरलेल्या मासळीवरून दिले जाते. केरळमध्ये २०१२ साली जवळजवळ चार लाख टन तारली उतरली होती आणि २०२१ साली तीच साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. हे आकडे गंभीर आहेत, पण ते पकडीचे आकडे आहेत. बोटी किती दिवस बाहेर होत्या, डिझेल परवडत होते का, मासळी किनारा सोडून खोल पाण्यात गेली की खरोखरच संपली, यांपैकी काहीच केवळ पकडीवरून कळत नाही. पकडीवर अवलंबून नसलेले एखादे माप हवे, या विचारानेच मी मत्स्यविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण घेताना ध्वनिक सर्वेक्षणाचा विषय निवडला. जयगड ते विजयदुर्ग या पट्ट्यात आमच्या छोट्या गटाने केलेल्या सर्वेक्षणात मला जे शिकायला मिळाले, ते येथे क्रमाने मांडत आहे.

ही पद्धत नवी नाही. नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी लोफोटेनजवळच्या कॉड माशांचे प्रतिध्वनी कागदावर उमटवून ते १९३५ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही १९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने कोचीन येथून चालवलेल्या प्रकल्पात ‘रास्ट्रेलिजर’ आणि ‘सार्डिनेला’ या जहाजांनी बांगडा व तारलीचा असाच शोध घेतला होता. जहाजांना त्या माशांच्याच शास्त्रीय नावांवरून नावे दिली होती, हे मला फार आवडले. तत्त्व सोपे आहे. बोटीखाली बसवलेला ट्रान्सड्यूसर ठरावीक कंपनसंख्येचा आवाज खाली सोडतो, माशांवर आदळून परत आलेला आवाज मोजला जातो, आणि थव्याकडून आलेल्या एकूण आवाजाला एका माशाकडून येणाऱ्या आवाजाने भागले की माशांची संख्या मिळते. भाज्य यंत्र देते. भाजक कोठून आणायचा, हा खरा प्रश्न आहे आणि आमच्या कामातील बहुतेक कष्ट त्याच्याशीच निगडित होते.

पावसाळी बंदी ३१ जुलैला उठते, पण त्यानंतरही काही आठवडे समुद्र खवळलेला असतो, म्हणून आम्ही पाऊस पूर्ण ओसरल्यानंतरचा काळ निवडला. भाड्याने घेतलेल्या ट्रॉलरच्या बाजूला लोखंडी खांब बांधून त्याच्या टोकाला ३८ आणि १२० किलोहर्ट्झचे दोन ट्रान्सड्यूसर पाण्याखाली धरले. किनाऱ्याला साधारण काटकोनात, १० मीटर खोलीपासून ५० मीटर खोलीपर्यंत जाणाऱ्या समांतर रेषा पाच-पाच सागरी मैलांच्या अंतराने आखल्या. पाहणी पुरेशी दाट ठरायची तर कापलेल्या एकूण अंतराला सर्वेक्षणाच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने भागल्यावर उत्तर सहाच्या आसपास तरी यावे, असा या क्षेत्रात अनुभवाने रुळलेला संकेत आहे, आणि आमच्याकडच्या डिझेलमध्ये तेवढेच बसत होते. रेषा काटकोनात असण्याचे कारण असे की मासळीची दाटी खोलीप्रमाणे बदलते. किनाऱ्याला समांतर जात राहिलो तर एकाच खोलीतील मासळी पुन्हा पुन्हा मोजली जाईल आणि बाकीची तशीच राहून जाईल.

यंत्र किती खरे बोलते हे आधी तपासावे लागते, आणि सगळ्या प्रक्रियेत मला हाच टप्पा सर्वांत अवघड वाटला. त्यासाठी ३८.१ मिलिमीटर व्यासाचा टंगस्टन कार्बाइडचा गोळा वापरतात. तो ३८ किलोहर्ट्झच्या आवाजाला किती प्रतिसाद देतो हे भौतिकशास्त्रावरून आधीच ठाऊक असते, ते साधारण उणे ४२ डेसिबल. नायलॉनच्या तीन बारीक दोऱ्यांनी हा गोळा ट्रान्सड्यूसरखाली पंधराएक मीटरवर लोंबकळत ठेवायचा आणि दोऱ्या सैल-घट्ट करत ध्वनिशलाकेच्या, म्हणजे खाली शंकूसारख्या पसरणाऱ्या आवाजाच्या झोताच्या, कानाकोपऱ्यातून फिरवायचा. पाण्यात सोडण्यापूर्वी तो साबणाच्या पाण्यात बुडवतात, कारण त्याच्यावर चिकटलेला हवेचा एखादा बुडबुडाही मोजमाप बिघडवतो. त्यासाठी पाणी खोल हवे आणि शांतही हवे, आणि कोकणच्या किनाऱ्यावर या दोन गोष्टी एकत्र मिळणे कठीण असते. खाडीत शांतता असते पण खोली नसते. अखेर पुढे-मागे दोन नांगर टाकून, किनाऱ्यापासून बाहेर पंचवीसएक मीटर पाण्यात, भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेल्या, दिवसांत पहाटे हे काम करावे लागले. उधाणाच्या दिवसांत प्रवाह एवढा असतो की गोळा शलाकेखाली राहतच नाही. पहाटे मतलई वारा जमिनीवरून येतो आणि पाणी सपाट असते, दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की लाटांचे बुडबुडे ट्रान्सड्यूसरसमोरून वाहू लागतात. पुढे रेषांवर चालतानाही ही वेळ आम्ही कसोशीने पाळली.

पाण्याचे तापमान आणि क्षारता मोजणे ही औपचारिकता नाही, हेही येथेच पटले. २८ अंश सेल्सियस तापमानाच्या पूर्ण खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. यंत्रात जर १५०० मीटरचा वेग ठेवला, तर प्रत्येक खोली अडीच टक्क्यांहून अधिक चुकते आणि त्या पाठोपाठ घनफळाचा हिशोबही बिघडतो. आणखी एक अडचण बोटीवरच्या विजेची होती. जनरेटर चालू असताना इकोग्रामवर, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रतिध्वनींच्या चित्रावर, आडव्या-उभ्या रेघोट्या उमटत, म्हणून यंत्र स्वतंत्र बॅटरीवर चालवावे लागले.

प्रत्यक्ष रेषांवर चालणे बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटेल. सात नॉटच्या आसपास एकसारखा वेग ठेवायचा आणि पडद्यावर तळाची रेघ सरकताना पाहत राहायचे. मैलच्या मैल पाणी रिकामे जाते आणि मग एखाद्या ठिकाणी पडद्यावर गडद लाल गोळा उभा राहतो. एकूण मासळीचा फार मोठा हिस्सा अशा मोजक्या ठिकाणी सापडतो, त्यामुळे अंतिम आकड्यातील अनिश्चितता मोठी असते. शिवाय सात अंशांची शलाका ३० मीटर खोलीवर जेमतेम पावणेचार मीटर रुंदीचा पट्टा ‘पाहते’. दोन रेषांमधील पाच मैल पाणी आपण पाहिलेलेच नसते, त्याचा केवळ अंदाज बांधतो. जे पाहतो त्यातही वरचा थर सुटतो. ट्रान्सड्यूसरच्या वरचे आणि त्याच्या लगतचे पाणी मोजता येत नाही, आणि तारली तर अनेकदा पृष्ठभागाला चिकटूनच असते. बोटीच्या आवाजाने बाजूला सरकणारे थवेही मोजणीत येत नाहीत. तळाला अगदी टेकलेली मासळी तळाच्या प्रतिध्वनीत मिसळून जाते, आणि तळाचा थोडासा जरी भाग चुकून हिशोबात शिरला तरी तो शेकडो थव्यांइतका भरतो. म्हणून पडद्यावरची तळरेषा मैलामैलाने डोळ्यांनी तपासून दुरुस्त करण्यात किनाऱ्यावर परतल्यानंतरचे कित्येक दिवस गेले. ते काम घाईने करणाऱ्याच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवणार नाही.

पडद्यावरचा गोळा कोणत्या मासळीचा, हे यंत्र सांगत नाही. आमच्या ट्रॉलरचे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, वर्षानुवर्षे फिशफाइंडर (मासळी दाखवणारे छोटे ध्वनियंत्र) वापरत आलेले. एका सकाळी मधल्या थरात पसरलेला मोठा पट्टा पाहून आमच्यात तारलीची चर्चा सुरू झाली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, हा जवलाय, तारली नाय.” दोन कंपनसंख्यांची तुलना केल्यावर त्यांचे म्हणणे पटले. जवळ्यासारख्या बारीक जिवांच्या अंगात हवा नसते, त्यामुळे ते १२० किलोहर्ट्झवर ठळक आणि ३८ वर फिकट दिसतात. वाताशय, म्हणजे पोटात हवेची पिशवी, असलेली मासळी दोन्हींवर साधारण सारखी दिसते. माशाच्या प्रतिध्वनीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग या वाताशयातूनच येतो. घोळ माशाचे जे बोत सोन्याच्या भावाने विकले जाते, ते त्याचे वाताशयच होय. तांडेलांनी मात्र तो पट्टा कंपनसंख्येची तुलना न करता ओळखला होता. पट्ट्याची ठेवण, खोली, पाण्याचा रंग आणि त्या हंगामात त्या जागी काय लागते, याची त्यांच्याकडे जी नोंद आहे ती कोणत्याही संगणकप्रणालीत नाही. त्यानंतर प्रत्येक मोठ्या थव्याबद्दल त्यांचे मत आम्ही वेळेसह लिहून ठेवू लागलो आणि विश्लेषणात त्याचा खरोखर उपयोग झाला.

तरीही मत म्हणजे नमुना नव्हे. तळाशी ओढायच्या ट्रॉलने वरच्या थरातील मासळी मिळत नाही, म्हणून त्याच पाण्यात मासेमारी करणाऱ्या पर्ससीन (थव्याभोवती टाकून आवळायचे जाळे) आणि गिलनेट (पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे जाळे) वापरणाऱ्या बोटींशी आधी बोलून ठेवले होते. ज्या बोटीने ज्या जागी जाळे मारले तेथील टोपलीभर मासळी घ्यायची, जात वेगळी करायची, अर्ध्या सेंटिमीटरच्या गटांत लांबी मोजायची आणि वजन करायचे. भर उन्हात, बर्फ वितळण्याआधी, मिरकरवाड्याच्या धक्क्यावर हे मोजमाप करताना अनेक खलाशांनी मदत केली. आम्ही भाव विचारत नाही, फक्त लांबी मोजतो, याचे त्यांना प्रथम आश्चर्य वाटले आणि नंतर तेच आठवणीने नमुने बाजूला काढून ठेवू लागले.

या सगळ्या खटाटोपाचा शेवट एका छोट्या गणितात होतो. समजा एखाद्या मैलावर मोजलेली ध्वनिक घनता, म्हणजे तेथील सगळ्या मासळीचे मिळून आवाज परतवणारे क्षेत्रफळ, दर चौरस सागरी मैलाला ५०० चौरस मीटर आली आणि नमुन्यातील तारली सरासरी १६ सेंटिमीटर लांबीची व ४० ग्रॅम वजनाची आहे. हेरिंगसारख्या माशांसाठी जगभर वापरले जाणारे सूत्र घेतले, म्हणजे लांबीच्या लॉगरिदमची वीसपट करून त्यातून ७१.९ वजा केले, तर एका माशाची ध्वनिपरावर्तन क्षमता उणे ४७.८ डेसिबल येते. त्यावरून दर चौरस सागरी मैलाला सुमारे २४ लाख मासे, म्हणजे ९६ टन मासळी निघते. आता हीच क्षमता प्रत्यक्षात तीन डेसिबलने कमी असेल, तर उत्तर दुप्पट होते, म्हणजे १९० टनांच्या वर जाते. तीन डेसिबल हा ध्वनिमापनात फार मोठा फरक नाही. माशाचा तोल थोडा बदलला, तो डोके खाली करून पोहू लागला, किंवा खोलीवरच्या दाबाने वाताशय आकसले, की एवढा फरक सहज पडतो. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो.

ते सूत्र थंड पाण्यातील हेरिंगवरच्या मोजमापांतून आलेले आहे. आपली तारली त्याच कुळातली, पण तिचे पाणी उबदार, चरबीचे प्रमाण हंगामानुसार बदलणारे आणि शरीरही वेगळे. तेच सूत्र जसेच्या तसे उचलून आलेला आकडा ‘रत्नागिरीच्या समुद्रातील तारलीचा साठा’ म्हणून छापणे मला पटले नाही. त्यामुळे आमच्या अहवालात एकच संख्या न देता तीन गृहीतकांखालील तीन अंदाज दिले आणि प्रत्येकासोबत विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्यांच्या दरम्यान असण्याची बरीच शक्यता आहे अशी दोन टोके, दिल्या. तुलनेसाठी मात्र ही पद्धत यापेक्षा बरीच भक्कम ठरते. सूत्र चुकीचे असले तरी ते दर वर्षी सारखेच चुकीचे राहील, आणि मासळी त्याच आकाराची व त्याच वागणुकीची असेल, तर दोन हंगामांतील वाढ-घट बऱ्यापैकी विश्वासाने कळते. धोरण ठरवणाऱ्यांना साठ्याच्या नेमक्या टनांपेक्षा ही वाढ-घट अधिक उपयोगी पडेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

तांडेलांनी अहवाल पाहून विचारले, “मग मासळी किती म्हणायची?” मी त्यांना सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त असे दोन्ही आकडे सांगितले आणि मधला फरक कशामुळे पडतो तेही समजावले. ते म्हणाले की हा फरक कमी करायचा असेल तर जिवंत तारली पिंजऱ्यात ठेवून तिच्यावर यंत्र लावून बघा, आम्ही पकडून देतो. वाताशय न फुटता, खवले न झडता तारली जिवंत मिळवणे हेच या प्रयोगातील सर्वांत अवघड काम आहे आणि ते रापणवाल्यांच्या (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्यांच्या) मदतीने उथळ पाण्यात करता येईल, असा आमचा विचार आहे. तोपर्यंत आम्ही केवळ निष्कर्ष नव्हे, तर प्रत्येक मैलाची मूळ ध्वनिनोंद, गोळ्याच्या तपासणीचे आकडे, पाण्याचे तापमान आणि मिरकरवाड्यावर मोजलेली प्रत्येक लांबी एकत्र जपून ठेवली आहे, जेणेकरून आपल्या पाण्यातल्या तारलीची ध्वनिपरावर्तन क्षमता मोजली गेली की त्या हंगामाचा हिशोब पुन्हा नव्याने करता येईल.