तुम्ही विचारलंत म्हणून: झाडं लावणाऱ्या बाईचं झोनिंगमध्ये काय काम?

लग्नात, बँकेत, फोंड्याच्या मार्केटात, कुठेही ओळख निघाली की हाच प्रश्न. लँडस्केप आर्किटेक्ट म्हणजे तुम्ही बागा करता ना, मग ग्रामसभा, ओडीपी म्हणजे शहरांचे विकास आराखडे, गोव्याच्या नगरनियोजन कायद्याचं सतरा-दोन कलम, ह्या भानगडीत कशाला? आणि त्याच्या मागोमाग दुसरा, जरा आवाज खाली आणून, की बिल्डरांची कामंही घेता आणि डोंगर कापू नका असंही सांगता, हे कसं काय? दोन्हीची उत्तरं मी उभ्या उभ्या देत आलेय, आणि उभ्या उभ्या दिलेलं उत्तर समोरचा त्याला हवं तेवढंच ऐकतो, म्हणून आता बसून लिहितेय.

बागा करते, हो. हॉटेलांच्या केल्यात, शाळेच्या केल्यात, एका देवळाच्या तळीभोवतीची जागा केलीय, आणि त्यात मला काहीच कमी वाटत नाही. पण मी शिकले ते एवढंच नव्हतं. पुण्यात एम.आर्क. करताना आमची सुरुवातीची कामं सगळी नकाशांची होती, एखादं खोरं घ्यायचं, त्यात चढ किती, माती कसली, पाणी कुठून कुठे जातं, झाडोरा काय, लोक कुठे काय पिकवतात, ह्याचे वेगवेगळे नकाशे काढायचे आणि एकावर एक ठेवून बघायचं की माणसं कुठे राहायला गेली तर सगळ्यात कमी नुकसान होईल. हे जमिनीचं नियोजनच झालं की. सेटलमेंट म्हणजे वस्ती कुठे, ऑर्चर्ड म्हणजे बागायत कुठे, शेत कुठे ही रेघ मारायच्या आधीचं काम. आपल्याकडे आम्हाला बोलावणं येतं ते बिगरशेतीची सनद हातात आल्यावर, आतले रस्ते आखल्यावर, बिल्डिंगी कागदावर बसल्यावर. मग उरलेल्या जागेत हिरवा रंग भरायचा.

सड्याचंच घ्या, म्हणजे डोंगरावरच्या जांभ्याच्या पठाराचं. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या, उताऱ्यावर सडा बहुतेक वेळा पडीक म्हणून दिसतो, आणि बाहेरून जागा बघायला येणारा एप्रिलमध्ये येतो तेव्हा त्याला काळा पडलेला जांभा आणि सुकं गवत दिसतं. त्याच सड्यावर जुलैत जाऊन बघा, दगडाच्या खळग्यात किडे खाणारी सीतेची आसवं फुललेली असतात, वीतभर पाण्यात जगणारी आणि दोन-तीन महिन्यांत आयुष्य संपवणारी झाडं असतात. पण फुलांचं सोडा, फुलांवर लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. मला पाण्याचं सांगायचंय. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जांभा सच्छिद्र, त्यातून ते पाणी खाली मुरतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि आडवं सरकत सरकत उताराच्या पायथ्याशी झरीतून बाहेर येतं. त्या झरीवर कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बागायत, कुळागराच्या खाली शेत, शेताच्या खाली खाजन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेतजमीन. म्हणजे वरच्या पडीक सर्व्हे नंबरचं पाणी खालच्या दहा सर्व्हे नंबरांत जातं, आणि आपण झोन बदलतो तो एकेका सर्व्हे नंबरचा.

खाजनांचं तर मला वेगळं शिकवायला लागलंच नाही, आजोळ तिसवाडीत, लहानपणी मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, बसून त्याची फळी भरतीला बंद होताना आणि ओहोटीला उघडताना बघितलीय. बाहेरच्या बांधापलीकडे खारफुटी, मग बांध, आत पोंय म्हणजे पाण्याचं तळं, त्याच्या पुढे कोरगुट ह्या खाऱ्या जमिनीतल्या भाताचं शेत, कोणी किती माती टाकायची, मानशीतल्या मासेमारीचा लिलाव कोणी करायचा, सगळं गावकारीने, म्हणजे गावच्या जुन्या सामाईक संस्थेने, ठरवलेलं. हे प्लॅनिंग होतं आणि ते करणाऱ्यांकडे कसलीही डिग्री नव्हती. हे मी मुद्दाम लिहितेय कारण आमच्या क्षेत्रातले काहीजण असं बोलतात की लँडस्केप आर्किटेक्ट आले की जमीन वाचेल. तसं नाही. गावकारी मोडकळीला आली, 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कूळ संघटनांवर आली, काही गावांत ती निभावली गेली, बऱ्याच गावांत नाही, आणि ती जी सगळ्यांची मिळून एक नजर होती पाण्यावर ती गेली. त्या जागी कोण येणार हा खरा प्रश्न आहे, आणि आम्ही त्यातले एक असू शकतो एवढंच माझं म्हणणं.

रीजनल प्लॅनचा, म्हणजे गोव्यातली कुठली जमीन कशासाठी वापरायची त्या सरकारी आराखड्याचा, इतिहास तुम्हाला माहितीय, तो परत सांगत नाही. 2011 पर्यंतचा प्लॅन लोकांनी रस्त्यावर येऊन रद्द करायला लावला, मग वास्तुविशारद चार्ल्स कोरियांच्या टास्क फोर्सने 2021 पर्यंतचा केला. मी तेव्हा नवी होते आणि तो प्लॅन बघून मला वाटलं होतं झालं, आता झालं काम. इको-वनमध्ये जंगल, खाजन, भातशेती, पाणवठे, पंचवीस टक्क्यांच्या वरचा चढ. इको-टूमध्ये बागायती, मिठागरं. आधी जमीन काय आहे ते बघायचं आणि नंतर माणसाला काय हवंय ते, हा क्रम सरकारी कागदावर आला होता, आणि नकाशे गावागावात पाठवून लोकांना विचारलं होतं. त्या वेळची मी कोणालाही सांगायचे की नकाशा चांगला असला की निर्णय आपोआप चांगला होतो. आज ती माझ्यासमोर आली तर मी तिला 2018 चं सोळा-बी दाखवीन, 2023 चं सतरा-दोन दाखवीन, ते नजरचुकीने राहिलेल्या चुका सुधारायला म्हणून आणलं होतं, आणि 2024 चं एकोणचाळीस-ए, तिन्ही झोन बदलू देणारी कलमं. 2025 च्या मार्चमध्ये हायकोर्टाने सतरा-दोनचे नियम रद्द केले, चांगलं झालं, पण एकेका प्लॉटसाठी झोन बदलायची वाट काही बंद झाली नाही. ती माझ्याशी भांडेल हे मला माहितीय. म्हणेल, नकाशा नसता तर कोर्टात काय घेऊन गेला असतात? ह्याला माझ्याकडे उत्तर नाही, तिचं बरोबरच आहे.

आता ती गोष्ट, जी ऐकल्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

पेडण्याच्या बाजूचा एक गाव, नाव लिहीत नाही. सड्याच्या अगदी काठावर, जिथून खालची नदी दिसते, तिथे व्हिला येणार होते, प्रत्येकाला स्वतःचा स्विमिंग पूल. बांधकाम वीस हजार चौरस मीटरच्या खाली बसवलेलं म्हणजे एन्व्हायर्नमेंट क्लिअरन्सची गरज नाही. मला बोलावलं लँडस्केप प्लॅनला. मी कंटूर सर्व्हे मागितला, तो त्यांच्याकडे होता, पण मी अट घातली की पावसात जागा बघितल्याशिवाय रेघ मारणार नाही. गेले. वर सड्यावर घोटाभर पाणी सगळीकडे, काठाकडे सरकणारं आणि दगडाच्या भेगांतून आत जाणारं. खाली उतरले तर बरोबर त्या काठाखाली झर, झरीवरून पाट, पाटावर कुळागर, पोफळी, मिरी, केळी, आणि ते कुळागर राखणारे एक म्हातारे गृहस्थ. त्यांनी मला सगळं फिरवून दाखवलं, पाट कुठे वळवला, पणजोबांनी दगड कुठला लावला. झर मे अखेरपर्यंत चालते म्हणाले. मी त्यांना सांगितलं मी कोणासाठी आलेय ते. लपवलं नाही. ते म्हणाले, बघ बाय, तूं शिकिल्लें मनीस, तुका दिसता.

ऑफिसात येऊन मी दोन गोष्टी दिल्या. एक ड्रॉइंग, कुठली झाडं कुठे, माट्टी, भिरंड, सुरंगी, बकुळ. आणि त्याच्यासोबत चार पानांची नोट, की काठापासूनचा पट्टा पूर्ण मोकळा सोडा, घरं मागे जुन्या काजूच्या सपाटीवर न्या, पूल एकच करा आणि तोही मागे, रस्ता चढाला आडवा न्या, नाहीतर खालची झर जाईल. ड्रॉइंगवर ठळक लिहिलं होतं की हे नोटसोबत वाचावं. त्यांनी नोट मागे घ्यायला सांगितली. मी नाही म्हटलं. मग फोन बंद झाले, उरलेले पैसेही आले नाहीत, मला वाटलं विषय संपला.

काही महिन्यांनी त्या गावातल्या एका शिक्षिकेचा फोन, ग्रामसभेत हा विषय आहे, येऊन बसा. मी मागच्या बाकावर बसले. कंपनीच्या माणसाने प्रोजेक्टरवर माझं ड्रॉइंग लावलं. नोटचा उल्लेख पुसलेला, सही तशीच. सांगत होता की बघा, सगळी गोव्यातलीच झाडं, गोव्यातल्याच मॅडमनी केलेलं, पर्यावरणाचा पूर्ण विचार केलाय. पुढच्या रांगेतून ते म्हातारे वळले. मी आलेय हे त्यांना माहीत होतं. म्हणाले, हें तुवें केलां? आनी उदक?

मी उठले तर मला खाली बसवण्यात आलं, तुम्ही इथल्या मतदार नाहीत, तुम्हाला बोलता येणार नाही. नियम तसाच आहे, मला तो माहीत होता आणि मान्यही आहे, बाहेरच्यांनी येऊन गावच्या सभेत भाषणं करू नयेत. पण ते म्हातारे माझ्याकडेच बघत होते आणि भिंतीवर माझी सही होती. शेवटी त्या शिक्षिकेने माझ्या फोनवरची नोट घेतली आणि उभं राहून वाचली, चारही पानं, मध्ये लोक ओरडत होते तरी. ठराव विरोधात झाला. पण झोन आधीच बदललेला होता, परवानग्या मिळाल्या, काठ कापला गेला. पहिल्याच पावसात पाटातून लाल चिखल आला. झर आटली असं मी लिहिणार नाही, ती आटलेली नाही, पण मे अखेरपर्यंत चालायची ती आता मार्चमध्येच बारीक होते. ती कापणीमुळेच हे मी कोर्टात सिद्ध करू शकत नाही, कारण आधीच्या वर्षांचं मोजमाप कोणाकडेच नाही. त्या गृहस्थांच्या घरी मी अजून गेलेली नाही.

तर दुसरा प्रश्न, बिल्डरांची कामं का घेता. कारण गोव्यात हे काम दुसरं कोणी देतच नाही. गावाच्या पातळीवर पाण्याचा आणि चढाचा नकाशा करायला लँडस्केप आर्किटेक्टला पंचायतीने पैसे देऊन बोलावलंय असं मी माझ्या कामात एकदाही बघितलं नाही. ऑफिस चालवायचंय, दोन पोरी कामाला आहेत, त्यांचा पगार आहे. आणि मी नसते त्या पेडण्याच्या जागेवर गेले तर ती नोटही नसती, वाचायलाही काही नसतं. हे बोलताना मला कळतं की मी स्वतःची बाजू मांडतेय. मांडायलाच हवी, कारण प्रश्न विचारणारे बहुतेक जण त्याच बिल्डरकडून फ्लॅट घेतात आणि मला मात्र हात स्वच्छ ठेवायला सांगतात.

कायद्याचं म्हणाल तर 1972 चा आर्किटेक्ट्स ॲक्ट आर्किटेक्टना आहे, आमच्यासाठी वेगळा कायदा नाही. 2003 पासून इसोला ही आमची देशपातळीवरची संस्था आहे पण ती कोणाची सही सक्तीची करू शकत नाही. माझ्या ऑफिसातली एक मुलगी म्हणते आमची सही फाइलवर सक्तीची झाली पाहिजे, तेव्हाच आपल्याला सुरुवातीपासून बोलावतील. मी तिच्याशी दर वेळी वाद घालते, की सही सक्तीची झाली की सही विकत देणाराही तयार होईल, माझी सही तर फुकटातच वापरली. मग ती विचारते, मग काय, अशीच मागच्या बाकावर बसणार का? तिथे आमचं बोलणं अडतं आणि अजून पुढे सरकलेलं नाही.

एवढं केलंय की आता माझ्या करारात पाण्याची आणि चढाची नोट ही शीट नंबर एक असते, झाडांची शीट त्याच्यानंतर, आणि पहिली काढून दुसरी वापरली तर माझी सही रद्द असं लिहिलेलं असतं. काही लोक ते वाचून परत जातात. सत्तरी तालुक्यात एकाने मान्य केलं आणि रस्ता वळवला. आणि कुठल्या गावाला स्वतःच्या सड्याचा, झरींचा नकाशा करून हवा असेल तर बोलवा, पैशाचं नंतर बघू, फक्त दोनदा यावं लागेल, एकदा जुलैत आणि एकदा मे महिन्यात, आणि झरीचं पाणी दर महिन्याला मोजून लिहून ठेवणारं कोणीतरी गावातलंच लागेल.