दाढ दाखवायला आलो, तर कॅन्सरचं कशाला काढता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. खुर्चीवरून उठता उठता विचारता, लग्नाच्या पंगतीत विचारता, आणि आमच्याच धंद्यातले मित्रही विचारतात: माणूस दाढ दुखते म्हणून आला, तर दाढेचं बघावं आणि मोकळं व्हावं. गाल ताणून, जीभ बाहेर ओढून, मिश्री लावता का, सुपारी खाता का, हे विचारून लोकांना घाबरवता कशाला?

आधी पैशाचं सांगते, कारण ते तुमच्या मनात असतं. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला मी चिठ्ठी देते, त्याचा एक रुपया मला कुठून येत नाही. उलट पेशंट बिथरतो आणि दाढेचं उरलेलं कामसुद्धा दुसरीकडे करून घेतो.

आता खरं कारण. तोंडातला हा रोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दाढेची कळ माणसाला रात्री उठवून बसवते, म्हणून तो येतो. पण गालाच्या आत पुसून न निघणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल डाग, दोन-तीन आठवडे होऊनही न भरणारं तोंड आलेलं, यांच्यासाठी कुणी एसटीचं तिकीट काढत नाही. ज्याला तुम्ही दुखणंच मानत नाही, ते दाखवायला येणार कसे? तुम्ही दाढेसाठी आलात, हीच मला मिळालेली संधी असते.

आणि नुसतं बघण्याने काय होतं, असंही विचारता. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडं अशीच उजेडात तपासली. २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तंबाखू-दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले होते. कुठलं मोठं मशीन नव्हतं, डोळे आणि उजेड होता.

पण मी असं तोंडावर बोलायला लागले ते अभ्यास वाचून नाही. एका मावशींमुळे.

तुटलेला दात जिभेला टोचतो म्हणून त्या मुलासोबत आल्या होत्या. हिरड्या मिश्रीने काळ्या पडलेल्या. खालचा ओठ गालापासून ओढला तर डाव्या बाजूला, जिथे त्या मिश्रीचं बोट दाबून धरायच्या नेमकं तिथे, पांढरा खरखरीत चट्टा आणि त्याच्या मधोमध लाल ठिपका. कापसाने पुसलं, निघाला नाही. उलट रक्ताचा थेंब आला. "दुखतं का?" "न्हाई वो. मिश्रीची जागा हाय ती, तिथली कातडी तशीच असती." मी पुढे बोलणार, तेवढ्यात मुलाने डोळ्यांनी खुणावलं.

बाहेर तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, आईपुढं ते नाव काढू नका. हाय खाऊन मरंल ती. मी नेतो की तिला." चांगला मुलगा होता, आजही आहे. मी त्याला सगळं फोडून सांगितलं: तुकडा काढून तपासावा लागेल, पंधरा दिवसांच्या वर जाऊ देऊ नका. चिठ्ठी लिहून त्याच्या हातात दिली. मावशींना म्हणाले, "मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखवून या." त्यांनी विचारलं, "कशाला?" मुलगाच म्हणाला, "दाताचंच हाय."

त्या पुन्हा आल्या तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. मधे पेरणी झाली, सुनेचं बाळंतपण झालं. मुलगा दरवेळी चला म्हणायचा, त्या दरवेळी म्हणायच्या, दुखत नाही तर एवढ्या लांब कशाला? आता जबड्याखाली गाठ होती. चट्ट्याजवळचा दात हलून आपोआप पडला होता. खालचा ओठ बधिर झाला होता. चहा हनुवटीवर ओघळायचा आणि त्यांना कळायचं नाही. पिशवीतून त्यांनी माझीच चिठ्ठी काढली. घडीवर हळदीकुंकवाचे डाग, कारण ती देव्हाऱ्यात ठेवली होती. "बाई, ह्यात काय लिवलंय ते आता तरी वाचून दावा." चिठ्ठी इंग्रजीत होती.

अर्धा जबडा काढावा लागला, मग किरणांचा शेक दिला. पुढची दिवाळी त्यांना दिसली नाही.

इथे तुम्ही म्हणाल, मग दोष तुमचाच. मला ते मान्य नाही. घरच्यांना विश्वासात घ्यावं, पेशंटचं मन जपावं, असंच आम्हाला सगळे वडीलधारे डॉक्टर सांगत आले. आणि तेव्हाची मी आजही माझ्याशी भांडते: सांगितलं असतंस आणि मावशींनी खरंच हाय खाल्ली असती तर? लवकर गेल्या असत्या म्हणून वाचल्याच असत्या, हे कुणी सांगितलं तुला? माझ्याकडे उत्तर नाही. मी तिला एवढंच म्हणते की तोंड मावशींचं होतं.

घाबरवण्याची किंमत असते, तीही मी पाहिलीय. एका शिक्षकांच्या जिभेच्या कडेला व्रण होता. बाजूच्या दाताची धार घासून दिली, दोन आठवड्यांनी या म्हटलं, आणि भरला नाही तर कशाची शंका घ्यायची तेही सांगितलं. व्रण भरून आला. पण तेवढ्या दिवसांत त्यांच्या घरात कुणी धड जेवलं नव्हतं. ते आता माझ्याकडे येत नाहीत. त्यांचा राग मला खोटा वाटत नाही.

मग पोरांचं काय करू? २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली. टपरीवर मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळायला लागली. आई सांगते, "तंबाखू नाही खात, नुसती सुपारी." नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच सांगून ठेवलंय. मी पोराला त्याचीच तीन बोटं उभी तोंडात घालायला लावते. दोनच जातात. तिखट झोंबतं, पाणीपुरी तोंडात मावत नाही, हे त्याला आधीच माहीत असतं. त्याला वाटतं उष्णता झाली. गाल आतून पांढरट, दोरीसारखे ताठ झालेले असतात. ते पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत, आणि त्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो. हे मी त्याच्या आईला बाजूला घेऊन सांगू?

आता चिठ्ठी मराठीत लिहिते, ज्याचं तोंड त्याच्याच हातात देते आणि माझ्यासमोर वाचायला लावते. वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवते. तरी मध्यंतरी एका आजोबांना असंच सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुकडा काढला की ते चवताळतं, बाई." तसं होत नाही, हे मी परोपरीने समजावलं. चिठ्ठी खिशात घालून गेले. बार्शीला गेले नाहीत, हे नातीकडून कळलं. सांगितलं तर माणूस जातोच, असं मी म्हणतच नाही.