आमची वाटचाल : बाज, गोकर्ण आणि गुरुजींची घागर

2013 साली लातुरात आम्ही दोघी जावांनी घराच्या ओसरीत वाळवलेल्या फुलांच्या चहाचा हा धंदा मांडला. भांडवल काय, तर परसातली गावठी जास्वंद, कुंपणावरचा गोकर्णाचा वेल, गवती चहाची दोन बेटं आणि सासूबाईंची सुताची बाज. पहिली फुलं माळवदावर उन्हात टाकली. दुपारपर्यंत निळ्याचं राखाडी झालं. मग बाज ओसरीत ओढली, वर जुनं धुवट धोतर अंथरलं आणि पाकळ्या सावलीत पसरल्या. खालूनही वारा लागतो म्हणून बाजेसारखं साधन नाही. पुढे जाळीचे ट्रे घेतले, पण जाऊबाई अजून बाजच वापरतात. पाकळी बोटात चुरचुरली पाहिजे. नुसती वाकली तर बरणीत भरू नये, आठवड्यात बुरशी येते.

2016 मात्र विसरत नाही. पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती. एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. सगळं गाव पाण्यासाठी रांगेत, आणि मी फुलांची काळजी करते म्हटल्यावर लोक हसायचे. जास्वंद वाळून काटकी झाली. आमच्याकडून दर महिन्याला डबा भरून नेणारे एक निवृत्त गुरुजी होते. ते चौथ्या दिवशी स्कूटरवर पुढ्यात घागर ठेवून आले. म्हणाले, "आम्ही दोघंच माणसं, एवढं लागत नाही. वेलाला घाला, बाई." मग पाऊस पडेपर्यंत येत राहिले. वेल वाचला तो त्या पाण्यावर.

त्याच उन्हाळ्यात आमची पाकिटं ठेवणाऱ्या दुकानदाराने स्वतःचीच पाकिटं काढली. आमच्यासारखीच, कडेची हिरवी पट्टीसुद्धा तीच, भाव निम्मा. वर 'जास्वंदीचा चहा', आत लाल अंबाडीची बोंडं! अंबाडी वाईट नव्हे. भाकरीबरोबर आपण भाजी खातोच, आणि बोंडांचा चहा लालबुंद, आंबटही होतो. पण मग तसं लिहा ना. गिऱ्हाईक आम्हालाच विचारायचं, "तुमचा आंबट का लागत नाही? भेसळ आहे का?" एकेकाला लिंबू पिळून समजावलं. आमच्या हिशेबाच्या वहीत त्या तीन महिन्यांत सतरा पाकिटं आहेत. जाऊबाईंनी पाटल्या मोडायची तयारी केली होती. नंतरची वर्षं बरी गेली, त्यांचं काय सांगायचं.

हातकामाचा जोडधंदा त्याच वेळी सुचला. दसऱ्यानंतर दारांवरची झेंडूची तोरणं लोक टाकून देतात, ती आम्ही गोळा करतो. सुती रुमाल आधी तुरटीच्या पाण्यात भिजवायचा, मग उकळून गाळलेल्या झेंडूच्या पाण्यात घालायचा. हळदीपेक्षा शांत पिवळा रंग चढतो. लोखंडी कढईत केलं तर शेवाळी. बारीक फुलं रद्दी कागदात घालून जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत दाबतो आणि शुभेच्छापत्रांवर चिकटवतो. ती डिरेक्टरी मी कुणाला हात लावू देत नाही.

करणाऱ्यांना सांगून ठेवते: बाजारातली हाराची फुलं कापडाला चालतात, चहाला नाही, त्यांच्यावर फवारा असतो. अंगणातल्या कण्हेरीला भुलू नका, ती विषारी आहे. जास्वंदीचा मधला दांडा काढा. आणि गोकर्ण उकळत बसू नका; कपाला पाच-सहा फुलं, वर गरम पाणी, झाकण. लिंबू पिळलं की निळ्याचं जांभळं होतं, पाहुण्यांसमोरच पिळा.

गेल्या दिवाळीत त्या दुकानदाराचा मुलगा आला. मॉलवाल्या कुणाला तरी निळी फुलं हवी होती, पाच किलो, आणि त्याच्याकडे नव्हती. जाऊबाईंनी आतूनच विचारलं, "रोख का?" रोखच घेतली. पिशवीवर आमची चिठ्ठी चिकटवूनच माल दिला, ती सोलायला नखं लागतात.