फक्त सुरे करणारी लोहारीण

इंदूरच्या विजयनगरमधल्या आमच्या ऑफिसात ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमची ‘इकॉनॉमी’ पाहणारे म्हणजे मी, सर आणि एक्सेल. गेम परदेशी क्लायंटचा. लोहार-सुतार-शिंप्याचं कौशल्य किती कष्टानं वाढावं, ते आम्ही ठरवायचं. घरच्यांना वाटतं, हा दिवसभर खेळतो.

त्या सकाळी बॉट (माणसाऐवजी खेळणारे प्रोग्राम) पकडणाऱ्या सिस्टीमनं एक खातं वर काढलं. रोज काही तास लोहारकाम, त्यातही फक्त लोखंडी सुरे. क्लिकमधलं अंतर जवळजवळ एकसारखं. सर म्हणाले, “बॅन कर, पुढचं बघ.” सरांना आलेख सरळ दिसला की त्यामागचा माणूस दिसत नाही.

बॅनआधी गेममध्ये जाऊन बोलायचं, हा नियम. मी ऐरणीपाशी उभा राहून हिंदीत विचारलं. लगेच उत्तर: “थांबा, एवढा एक होऊ द्या.” तेही हिंदीत, पण आतलं मराठी लपत नव्हतं. (इंदुरात आम्हाला ते लगेच कळतं.)

मग मराठीत विचारलं, “ताई, तलवारी का नाही करत?”

त्यांनी हिशेबच मांडला. तलवारीला पोलादाच्या सहा कांबी, सुऱ्याला लोखंडाची एक; कौशल्याचे गुण दोन्हीला सारखेच. तलवार बिघडली की सहाही गेल्या. तयार झाली तरी गिऱ्हाईक नाही, कारण राक्षस मारला की त्याहून चांगली फुकट पडते. सुरा मात्र गावातला दुकानदार ठरल्या भावानं कितीही घेतो. “मग मी तलवार का करू?”

सरांच्या शीटमध्ये हा हिशेब कुठेच नव्हता.

दुखणं जुनंच आहे. १९९७च्या अल्टिमा ऑनलाइन या गेममध्ये वापराल तसं कौशल्य वाढायचं, तर लोक मॅक्रो (आपोआप क्लिक करत राहणारी आज्ञावली) लावून झोपायचे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टनं (२००४) कृतींना, म्हणजे वस्तू बनवायच्या रेसिपींना, रंग दिले: नारिंगीला गुण नक्की, पिवळीला बऱ्याचदा, हिरवीला क्वचित, करडीला शून्य. तरी दर टप्प्यावरची सगळ्यात स्वस्त नारिंगी कृती खेळाडू शोधून काढतातच. रुनस्केपमध्ये ९९वी पातळी गाठायला १,३०,३४,४३१ अनुभवगुण लागतात आणि ९२व्या पातळीला त्यातले जेमतेम निम्मे झालेले असतात. एवढा चढ ठेवला की माणूस यंत्रासारखाच खेळणार.

मी सुचवलं: गुण खपलेल्या मालाच्या किमतीवर द्या, नवी वस्तू पहिल्यांदा केली की वेगळा बोनस, माल बिघडला तरी थोडे गुण. सरांनी चक्क मान्य केलं. खातंही वाचलं.

अडलं ते पुढेच. नुसते सुरे करून वरच्या पातळीला पोचलेल्यांचं काय करायचं? क्लायंट म्हणतो, सगळ्यांचे गुण शून्यावर आणा. ताईंनी तर आमचेच नियम पाळले होते. गुण राहू द्यावेत, तर उद्या येणारा नवा लोहार तेवढ्याच पातळीसाठी कितीतरी जास्त माल जाळणार. मधला मार्ग म्हणून मी लिहिलं, की गुण ठेवा, पण उस्तादाच्या (सगळ्यात वरच्या पातळीच्या) कृती पोलादकाम केल्याशिवाय उघडू नका. सर म्हणाले, “ही अट तेव्हा होती का?” नव्हती. या वेळी सरांचं बरोबर होतं, आणि क्लायंटला पाठवायचा मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे.