दारावरचा ख्रिसमस रीथ, पाच-सहा डॉलरात

थँक्सगिव्हिंग झालं की इथे न्यू जर्सीत एकेका दारावर रीथ, म्हणजे हिरव्या फांद्यांची गोल चक्रं, दिसायला लागतात, आणि आपल्या देसी घरांवर मात्र दिवाळीचं तोरण तसंच लटकत असतं, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही म्हणा. पण मुलं शाळेत जायला लागली की "आपल्या दारावर का नाही" सुरू होतं. मग दुकानात बघायला जावं तर ताज्या फांद्यांचा जरा बऱ्या साइजचा, रिबीन-बिबीन लावलेला रीथ चाळीस-पन्नास डॉलरला, ऑनलाइन तर विचारूच नका. महिन्याभरात वाळून कचऱ्यात जाणार त्याला एवढे पैसे! मला नाही पटत बाबा.

आणि गंमत अशी की त्यात जे महाग वाटतं ना, तो हिरवा पाला, तोच फुकट मिळतो. ख्रिसमस ट्री विकणारे लोक गिऱ्हाइकासमोर झाडाचा बुंधा कापतात, खालच्या फांद्या छाटतात, आणि त्या फांद्यांचा ढीग बाजूला पडलेला असतो. नीट विचारलं तर बरेच जण "घेऊन जा" म्हणतात, काही ठिकाणी एक-दोन डॉलर घेतात. ढिगातून फ्रेझर फर किंवा बाल्सम फर बघून घ्या, त्यांच्या सुया, म्हणजे सुईसारखी पानं, लवकर गळत नाहीत आणि बाल्समचा वास तर अप्रतिम. हेमलॉक घेऊ नका, दोन दिवसांत सगळा पायरीवर सडा. अंगणात बॉक्सवुडचं कुंपण असेल तर त्याच्याही थोड्या डहाळ्या घाला, छान भरगच्च दिसतं.

बाकी सामान म्हणजे डॉलर स्टोअरमधली तारेची गोल फ्रेम, हिरव्या फ्लोरल वायरचं (फुलं बांधायची बारीक तार) एक रीळ आणि रिबीन. फ्रेम १२ इंची पुरते, कारण फांद्या बाहेर येऊन तयार रीथ १८-२० इंचांचा होतो आणि आपलं दार साधारण ३६ इंच रुंद असतं. फ्रेमही आणायची नसेल तर लाँड्रीतून कपडे येतात तो तारेचा हँगर पक्कडीने गोल करा, वरचा हूक अडकवायला आयताच मिळतो.

बांधायचं कसं, तर ज्यांनी लहानपणी घरी गजरे बांधलेत त्यांना काही शिकवायला नको. वीतभर लांबीच्या तीन-चार डहाळ्यांची जुडी करायची, फ्रेमवर ठेवायची, देठांवर तारेचे दोन-तीन घट्ट वेढे द्यायचे आणि तार तोडायची नाही!! गजऱ्याला कसं, दोरा तसाच चालू ठेवून पुढची फुलं धरतो, तसंच पुढची जुडी आधीच्या देठांवर टेकवायची, परत वेढे, असं एकाच दिशेने गोल फिरत यायचं. बहुतेकांचे वेढे सैल पडतात, कारण आत्ता ताजी असलेली फांदी वाळली की बारीक होते, मग जुड्या सुटून लोंबायला लागतात. त्यामुळे दया-माया न दाखवता आवळा. शेवटच्या जुडीचे देठ पहिल्या जुडीच्या शेंड्याखाली सरकवले की जोड कुठे आहे ते कळतसुद्धा नाही, आणि कळलाच तर तिथे रिबिनीचा बो. हाताला राळ चिकटते ती नुसत्या साबणाने जात नाही, आधी खोबरेल तेल चोळा.

सजावटीला क्राफ्टच्या दुकानात जाऊच नका, तिथेच बजेट बोंबलतं. पाइनकोन रस्त्याकडेला मिळतात, ते २०० डिग्री फॅरनहाइटला अर्धा तास ओव्हनमध्ये ठेवा म्हणजे आतले किडे मरतात (जवळच थांबा, राळ असते त्यात). दालचिनी आणि चक्रफूल देसी दुकानातून, तिथे ढीगभर मिळतं. संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्या फोटोत फार गोड दिसतात, पण दार उघड्यावर असेल तर खारी खाऊन टाकतात, तेव्हा मी तो नाद करत नाही.

फुकटचं गोळा करायच्या नादात दोन-तीन गोष्टी मात्र खरंच सांभाळा. झाडावर चढलेल्या केसाळ वेलीला हात लावू नका, ती पॉयझन आयव्ही असते आणि हिवाळ्यात पानं नसतानाही अंगावर भयंकर पुरळ उठवते. केशरी-लाल फळांची बिटरस्वीटची वेल मोहात पाडते, पण ती बाहेरून आलेली, इथल्या झाडांना गुदमरवणारी वेल आहे, पक्षी फळं खाऊन बिया आणखी पसरवतात. आणि घराभोवती लावलेलं यू नावाचं झुडूप, लाल मऊ फळांचं, ते माणसांना आणि कुत्र्या-मांजरांनाही विषारी. हॉलीची फळंसुद्धा लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशीच लावा.

लावताना खिळा ठोकायची गरज नाही. लोखंडी दार असेल तर मॅग्नेटचा हूक, नाहीतर रुंद रिबीन रीथमधून ओवून दारावरून आत घ्या आणि आतल्या बाजूला वरती टाचणीने पक्की करा. बाहेर काचेचं स्टॉर्म डोअर असेल आणि दारावर ऊन येत असेल तर दोन दारांच्या मध्ये रीथ लावू नका, तिथे इतकं तापतं की आठवड्यात तपकिरी होतो. काचेच्या बाहेरून लावा आणि अधूनमधून पाण्याचा फवारा मारा, मग थंडीत महिना-दीड महिना आरामात टिकतो.

काढायचा आळस मात्र करू नका. वसंत आला की हाऊस फिंच नावाचे चिमणीएवढे पक्षी नेमके दारावरच्या रीथमध्ये घरटं करतात, आणि अंडी घातली की १९१८ च्या मायग्रेटरी बर्ड कायद्यामुळे ते घरटं हलवता येत नाही, म्हणजे पिल्लं उडेपर्यंत तुम्ही आपले गॅरेजमधून ये-जा करा! मी जानेवारीतच उतरवते, तार उलटी सोडवून पाला यार्ड वेस्टमध्ये, म्हणजे बागेच्या कचऱ्यात टाकते (तारेसकट टाकला तर घेत नाहीत) आणि फ्रेम पुढच्या वर्षीसाठी तोरणाच्याच खोक्यात.